मामूचं अंगण

माझ्या लग्नात मामूनं नवरीला दगड मारला. मुद्दाम नाही. मंगलाष्टका संपत आल्या तशा सगळ्यांनी अक्षता टाकल्या, मामूनंही शेरवानीच्या खिशात हात घालून मूठ भरली आणि उधळली. त्या मुठीत तांदूळ कमी आणि खडे जास्त होते. एक नेमका हिच्या कपाळाला लागला. हिनं मुंडावळ्यांखालून मान वर करून मामूकडं बघितलं, आणि पुढं जन्मभर लोकांना सांगत राहिली की मला ह्या घरात दगड मारून आणलीय.

आता ती नाही. ह्या पोळ्याच्या आधी गेली. मामूच्या गोष्टी माझ्यापेक्षा तीच चांगल्या सांगायची. रंगात आलं की मधेच चहा टाकायला उठायची आणि ऐकणारा बसल्या जागी अडकून पडायचा. मला तसलं काही येत नाही. मी करमाडचा, चौथीतनं शाळा सोडलेला माणूस. पण घरात आता बोलायला कुणी नाही, म्हणून कागद घेऊन बसलो.

खिशात खडे कशाला, ते आधी सांगतो. मामू माझा सख्खा नव्हे, सगळेच त्याला मामू म्हणायचे; तो आमच्या कापसाच्या जिनिंगमध्ये मुकादम होता आणि आमच्या हॉकी क्लबचा मालक, नोकर, पंच, सगळं तोच होता. त्याच्या आधी तो निजामाच्या फौजेत होता. पोलीस ॲक्शन झाली, फौज मोडली, हे लोक घरी आले. मामू म्हणायचा, बंदूक जमा करून घेतली त्याचं काही वाटलं नाही, पण हॉकीची स्टिकही सरकारी होती, ती जमा करताना हात सुटेना. घरी येऊन त्यानं दोन गोष्टी केल्या. जिनिंगमध्ये नोकरी धरली आणि छावणीच्या अलीकडं खाम नदीच्या अंगाला सरकारी पडीक रान होतं, ते साफ करायला घेतलं. कुणाला विचारलं नाही. रोज सुट्टी झाली की जायचा आणि दगड वेचत बसायचा. त्याला बघून एकेक पोरगं जमत गेलं. मीही असाच गेलो.

ते रान मुरमाड. कितीही वेचा, पाऊस पडला की खालून नवे दगड वर. म्हणून मामूचा कायदा होता. चपला काढल्याशिवाय आत यायचं नाही आणि खडा उचलल्याशिवाय बाहेर जायचं नाही. आम्ही तो मैदानावर पाळायचो. मामूला मैदान कुठं संपतं ते कळत नव्हतं. औरंगपुऱ्यात भर बाजारात चालता चालता तो खडा उचलायला वाकायचा, मागून येणारा सायकलवाला त्याच्यावर आदळायचा, आणि शिव्या सायकलवाल्याला मामूच द्यायचा. त्याच्या बहिणीनं त्याच्या सगळ्या कपड्यांना तंबूच्या कापडाचे खिसे शिवले होते, दुसरे टिकत नव्हते. जिनिंगच्या मालकाला वाटायचं, हा कापसातले खडे वेचून काढतो, लई इमानी माणूस. मामूला कापसाचं काही पडलेलं नव्हतं. त्याला खडा दिसला की राहवायचं नाही, एवढंच.

मैदान हा शब्द त्याला चालत नसे. मैदान फौजेचं असतं, म्हणायचा, हे आंगन आहे. आणि अंगणात जो आला तो पाहुणा. शेळ्या चरायला यायच्या, त्यांना तो आप म्हणायचा. आप उधर जाइये, इधर खेल चालू है. आम्हाला मात्र अबे. एकदा मी म्हटलं, मामू, शेळीपेक्षा आमची किंमत कमी का. म्हणाला, तू घर का है, वो मेहमान है.

पंच म्हणून तर त्याच्यापुढं आम्ही हात टेकले होते. शिट्टी वाजली की समजायचं, आपल्याच विरुद्ध. एकदा जालन्याचा संघ आला, मे महिन्याच्या उन्हात उघड्या ट्रकमधून. चेंडू खांबाच्या बाहेरून गेला, सगळ्यांनी बघितला, जालन्याचा गडी तर कपाळावर हात मारून मागं वळला. मामूनं गोल दिला. आम्ही भांडायला गेलो तर म्हणे, इत्ते धूप में आये बिचारे, खाली हात जायेंगे क्या. जालन्याचे लोकच लाजून म्हणायला लागले की नाही हो, तो गोल नव्हता. मामूनं त्यांचंही ऐकलं नाही.

एवढ्यावरही आम्ही त्या मैदानावर फारसे हरत नव्हतो. कारण मैदानच आमच्या बाजूनं खेळायचं. वेचून वेचून खडे गेले होते पण खालचे मोठे खडक तसेच होते, त्यांचे उंचवटे झालेले. त्यांना आम्ही नावं ठेवली होती. मधल्या रेघेच्या पुढं एक होता, तो तहसीलदार. चेंडू त्याच्याकडं गेला की अडकला, पुढं सरकायचा नाही. नदीकडच्या गोलासमोर होती ती सासू. तिच्यावर चेंडू मारला की उलटून मारणाऱ्याच्याच नडगीवर. आणि रस्त्याकडच्या गोलासमोर घोडी. ती चेंडू उडवायची, गोलकीच्या डोक्यावरून थेट आत. आम्ही डोळे मिटून ह्या तिघांच्या मधनं चेंडू नेत होतो. बाहेरच्या संघाला अर्धा खेळ हे काय चाललंय ते कळायचंच नाही. ह्याला आम्ही आपली हुशारी समजत होतो.

मग ते गोरे आले.

कोणत्या देशाचे, ते मी लिहीत नाही. चुकलं तर नातू हसतो. त्यांच्या देशाचा संघ हिंदुस्थानात दौऱ्यावर होता, मोठमोठ्या शहरांत सामने चालले होते. आपल्याकडं ते खेळायला नाही, वेरूळ आणि अजिंठा बघायला येणार होते. त्यात एक दिवस मोकळा होता. कचेरीतल्या साहेबांना वाटलं, एक सामना करून टाकावा. साहेबांच्या मनात बाहेरून निवडक गडी आणायचे होते. मामूला कळलं तसा तो कचेरीत जाऊन बसला. मी बरोबर होतो. दिवसभर बसवून ठेवलं. शेवटी साहेबांनी आत घेतलं.

मामू म्हणाला, "आंगन हमारा, मेहमान हमारे, तो खेलनेवाला दुसरा कायकू?"

साहेब हसले. मग त्यांचा आवाज कडक झाला. म्हणाले, मैदान तुमचं नाही, सरकारचं आहे, आणि गोदामासाठी दोन जण कधीचे मागतायत. मामू हलला नाही. साहेबांनी शेवटी सांगून टाकलं, "ठीक आहे, तुम्हीच खेळा. पण शहराचं हसं झालं तर मी ऐकणार नाही. पाच गोल खाल्लेत की दुसऱ्या दिवशी मैदान गेलं."

मामूनं सलाम केला. बाहेर आल्यावर म्हणाला, साहेब भला आदमी है. आणि कचेरीच्या पायरीवरचा खडा उचलून खिशात टाकला.

आम्ही घाबरलो नव्हतो. सासू आहे, घोडी आहे, तहसीलदार आहे. गोरे जगात कुठंही खेळून आले असतील, सासूशी गाठ पडलेली नसणार. आम्ही रोज त्या तिघांवरच सराव करायला लागलो. सामना चार दिवसांवर आला तेव्हा मामू एका सकाळी फावडी आणि जमीन ठोकायची धुमस घेऊन आला आणि म्हणाला, हे सगळं सपाट करायचं.

आम्हाला थट्टा वाटली. थट्टा नव्हती. त्यानं पहिली पाटी मुरूम तहसीलदारावर आणून टाकली.

मी म्हटलं, "मामू, हे काढलं तर आमी खेळायचं कशावर?"

"अबे, मेहमान आपल्या आंगनात ठेच खाऊन पडला, तर तुझ्या घशाखाली घास उतरंल का?"

"अन् मैदान गेलं म्हंजी?"

तो धुमस घालत राहिला. आम्ही थोडा वेळ उभे राहिलो, मग आम्हीही पाट्या उचलल्या. दुसरं काय करणार. मामू एकटा मुरूम वाहतोय आणि आपण बघतोय, हे होत नव्हतं. खडक फोडणं शक्य नव्हतं, म्हणून आजूबाजूनं मुरूम भरून, ठोकून उतार असा लांबवला की उंचवटा कळू नये. आपल्या हातानं आम्ही सासू पुरली.

तरी मामूचं समाधान नाही. मधलं रान ठीक आहे, म्हणाला, पण दोन्ही गोलांसमोर घरासारखं पाहिजे. मग तो आमच्या गल्लीत आला. हिला म्हणाला, बेटी, थोडं सारवायचंय. ही म्हणाली सारवते की, किती हाय. ह्यानं मैदानावर नेऊन दाखवलं. ही कमरेवर हात ठेवून बघत राहिली. आमचं घर त्यात चार वेळा बसलं असतं. मग परत येऊन हिनं दारोदार जाऊन बायका गोळा केल्या, आमच्या आणि मामूच्या मोहल्ल्यातल्याही. दोन दिवस त्या बायका पांढरी माती, शेण आणि भुसा कालवून गुडघ्यावर बसून सारवत होत्या. गोलासमोरची अर्धगोल रेघ चुन्यानं मारायची असते, ती हिनं रांगोळीनं मारली, आणि हात थांबला नाही म्हणून कडेला वेलबुट्टीही काढली. साहेब बघायला आले तर म्हणाले हा काय हळदीकुंकवाचा कार्यक्रम आहे का. वेलबुट्टी पुसली. रेघ राहिली.

सामन्याच्या दिवशी सगळं शहर लोटलं होतं. आज ज्याला क्रांती चौक म्हणतात तिथून टांग्यांची रांग लागली होती. गोरे आले, एकेक जण दाराएवढा. मामूनं दोरीजवळ उभं राहून त्यांना खुणेनं चपला काढा म्हणून सांगितलं. त्यांच्या पायात बूट होते, खेळायचे. दुभाषा म्हणून वेरूळला लेणी दाखवणारा एक गाइड आणला होता, त्यानं कसंतरी निभावलं. पंच छावणीतले दोन फौजी होते. मामूच्या हातात शिट्टी द्यायची नाही, हे साहेबांना कुणीतरी आधीच सांगितलेलं दिसलं.

पहिला अर्धा खेळ मला आठवायला नको वाटतो. मी मागं खेळायचो, फुलबॅकला, नदीकडच्या गोलाच्या पुढं. त्यांच्या गड्यानं चेंडू मारला, सरळ सासूवर. मी निवांत. आता उलटून त्याच्याच नडगीवर बसणार, म्हणून मी त्याच्या तोंडाकडं बघत होतो. चेंडू माझ्या पायाजवळून सरळ आत गेला. पुढच्या वेळी तेच. आमची पोरं चेंडू वळंल म्हणून डावीकडं धावायची, चेंडू वळायचाच नाही. आम्ही आमच्याच अंगणात पाहुण्यासारखे फिरत होतो, आणि ते घरच्यासारखे खेळत होते. अर्ध्या खेळाला तीन गोल झाले. साहेबांनी खुर्चीत बसल्या बसल्या मामूकडं बघून दोन बोटं वर केली. दोन राहिले.

पण एक गोष्ट झाली होती. आमच्या गोलासमोर इतकी झुंबड झाली होती की सारवण उखडलं. पापुद्रे निघाले, मुरूम सरकला आणि सासूनं डोकं वर काढलं. आमच्या सेंटर फॉरवर्डनं, हिमरूच्या शाली विणणारा पोरगा होता, त्यानं ते पहिल्यांदा बघितलं आणि मला कोपर मारलं. आता बाजू बदलणार होती. नदीकडचा गोल त्यांचा होणार होता. सासू त्यांच्या दारात, म्हणजे त्यांनी बाहेर काढायला मारलेला चेंडू त्यांच्याच नडगीवर. आम्ही लिंबं चोखत एकमेकांकडं बघून हसायला लागलो.

मामू पाण्याची बादली आणि धुमस घेऊन निघाला होता.

आम्ही सगळे धावत गेलो. मी बादली धरली. म्हटलं, "मामू, हात नका लावू. अजून दोन गोल झाले की मैदान गेलं. तुमाला कळतंय का?"

त्यानं बादली सोडली नाही. पाणी आम्हा दोघांच्या पायावर सांडत होतं. म्हणाला, "जायेगा तो जायेगा. पर अभी अपना है ना? अपना है तोपर्यंत नीट ठेवायचं."

"अन् आमी?"

"तुमको खेलना आता है. खेलो."

तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून ही उठून आली. शेणाचं घमेलं डोक्यावर. माझ्याकडं बघून म्हणाली, "सोडा बादली." सगळ्या क्लबसमोर. मी सोडली. मामूनं धुमस घातली, हिनं वर पोतेरं फिरवलं, आणखी दोघीतिघी येऊन बसल्या. चार हजार डोळे बघतायत आणि माझी बायको गोऱ्यांचं दार सारवतेय. तो त्यांचा लाल केसांचा गोलकी स्टिक काखेत धरून कौतुकानं उभा. सासू परत गेली.

राग आला होता. आम्हा सगळ्यांनाच. त्या रागात आम्ही उतरलो, आणि मग एक गंमत झाली. चिडून मारलेला चेंडू जिथं मारला तिथंच जायला लागला. इतकी वर्षं आम्ही खडकांच्या हिशोबानं वाकडे फटके मारत आलो होतो. आपला फटका सरळ जातो, हे आम्हाला माहीतच नव्हतं. हिमरूवाल्या पोरानं मधनं चेंडू घेतला, दोघांना चुकवलं, ओल्या सारवणावरून तो असा सुळकन गेला की गोलकी वाकेपर्यंत आत. सगळं रान उठून उभं राहिलं. मामू तेवढा खाली बसलेला, धुमसीवर हनुवटी टेकून.

मग त्यांनी चौथा घातला. आता साहेबांचं एकच बोट वर होतं. त्याच्यानंतर पुन्हा आमच्या पोरानं एक घातला, पण त्याचा आनंद करायला कुणी थांबलं नाही. चार-दोन. एक गोल खाल्ला की गोदाम. ते लोक थकत नव्हते, आमच्या छात्या फुटायला आल्या होत्या. आमच्या गोलकीचा अंगठा फुटला होता, तो तसाच उभा. शेवटी शेवटी तर आम्ही अकराच्या अकरा गोलासमोर येऊन उभे होतो, कसली जागा आणि कसलं काय. नडग्या, गुडघे, जे लागेल ते मधे घालत होतो. त्यांचा कप्तानच धापा टाकत एकदा हसला आणि मान हलवून परत घुसला.

अगदी शेवटाला त्यांना कॉर्नर मिळाला. गोलरेघेवरून चेंडू बाहेर उभ्या त्यांच्या गड्यांकडं निघाला, त्यांच्या सगळ्यांत मोठ्या गड्यानं स्टिक मागं नेली आणि मारला. मी रेघेवर होतो. चेंडू घोडीच्या दिशेनं येत होता. म्हणजे ती जिथं पुरली होती तिथून. घोडी वर असती तर तो माझ्या कपाळावरून आत गेला असता, दर वेळी जायचा. तो उडाला नाही. जमिनीला धरून, एका रेघेत, सरळ माझ्या स्टिकवर आला. हाताला झिणझिण्या आल्या, पण थांबला. मी तो रस्त्यावर मारला. शिट्टी झाली.

साहेब उठले, टोपी घातली, मामूजवळ येऊन म्हणाले, चार म्हणजे चार, ठेवा तुमचं मैदान. मोटारीत बसून गेले. बोलल्याप्रमाणे वागले, खोटं कशाला सांगू. मामू होता तोवर मैदान राहिलं.

पण मामूला साहेबांशी बोलायला वेळ नव्हता. तो गाइडला हाताला धरून गोऱ्यांच्या कप्तानाकडं घेऊन चालला होता. आम्ही मागोमाग. बायकाही आल्या, ही सगळ्यांत पुढं, हात अजून शेणानं भरलेले.

मामू गाइडला म्हणाला, "इनको पूछो, आंगन कैसा था?"

गाइडनं विचारलं. कप्तानाला प्रश्न कळला नसावा. त्यानं खाली बघितलं, मागं वळून मैदानाकडं बघितलं, खांदे उडवून काहीतरी बोलला. गाइड जरा अडखळला. मग म्हणाला, "साहेब म्हणतात, जमिनीकडं आमचं लक्षच गेलं नाही."

आम्ही मामूकडं बघितलं. मामू हसला. त्याचे मागचे दोन दात नव्हते, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. त्यानं कप्तानाचा हात दोन्ही हातांत धरला आणि कितीतरी वेळ सोडलाच नाही.

ही मात्र भडकली. गोरे मोटारीत चढेपर्यंत कशीबशी थांबली आणि म्हणाली, "दोन दिस शेणात हात घातले आमी, अन् त्येला दिसलंच नाय?"

मामू म्हणाला, "बेटी, ठेच लागली असती तर दिसलं असतं. दिसलं नाय, म्हणजे लई चांगलं झालं."

हिनं जरा विचार केला. मग माझ्याकडं बघितलं, परत मामूकडं बघितलं.

"आसं हाय व्हय? मग मामू, आमच्या घरात तर लईच चांगलं सारवण हाय. ह्येंला आजपतूर काहीच दिसलं नाय."

बायका पदर तोंडाला लावून हसल्या, पोरं हसली. मामू तर पोट धरून तिथंच ओल्या जमिनीवर बसला. मी म्हटलं, चला आता घरी, भूक लागलीय. त्याच्यावर सगळे आणखीच हसले. का, ते मला तेव्हा कळलं नाही.